निळी पट्टी थंड, लाल पट्टी गरम म्हणे!

मावशीने पाठवलेला गुडघेदुखीवरच्या पट्टीचा व्हिडिओ मी उघडलाच नव्हता, ही माझी चूक. परवा तिचा जिना चढताना दुखणारा गुडघा पाहिला. वाटीभोवती निळी लवचीक पट्टी, दहा दिवसांची, कडा उचकटलेल्या आणि एका टोकाखाली पाणी धरलेले दोन फोड. “ताणूनच लावायची असते ना गं?” तिनं विचारलं. व्हिडिओतले महाशय तसंच सांगतात: पट्टी जितकी ताणाल तितकी वाटी लवकर जागेवर येते. निळी दाह शमवते, लाल ऊब देते. आणि व्यायाम बंद, कारण त्यानं वाटी झिजते.

रंगाचं आधी उरकते. तो कापडाचा रंग आहे, औषध नव्हे. निळा सदरा घालून कुणाचा ताप उतरलाय?

ताणण्याचं म्हणाल, तर पट्टी चिकटते कातडीला, हाडाला नाही. टोकं तर अजिबात न ताणता लावायची असतात. ताणली की कातडी ओढली जाते आणि मावशीसारखे फोड येतात. शिवाय वाटीभोवतीच्या अशा दुखण्यात बहुतेकांची वाटी जागेवरून हललेलीच नसते. मग आणायची कुठून कुठे?

पण मला खरा राग आला तो ‘व्यायाम बंद’वर. दुखतं म्हणून पाय हलवायचा नाही, न हलवल्यानं मांडी ढिली पडते, आणि मग तोच जिना आणखी दुखतो. मावशीला दोन्ही पाय पसरून मांड्या आवळायला सांगितल्या. डावी टणक झाली, उजवी नुसती थरथरली. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं २०१९ साली याच दुखण्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मुख्य उपचार व्यायामच आहे, आणि तोही फक्त गुडघ्याचा नाही, नितंबाच्या स्नायूंचासुद्धा. म्हणजे कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, खुर्चीवरून सावकाश उठबस, बुटक्या पायरीवर चढउतार. करताना थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नसावं. फरक पडायला आठवडे लागतात, हे मात्र कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आता पट्टीच्या बाजूनं एक कबूल करावं लागेल. माणूस पाहून नीट लावलेली पट्टी दुखणं तात्पुरतं कमी करते, असं त्याच सूचना म्हणतात. पण व्यायामाच्या जोडीनं, आणि पहिले चारेक आठवडे. स्नायू ‘जागे करायला’ ती लावू नका, असंही तिथंच आहे. मावशीला पहिले दोन दिवस बरं वाटलं ते खोटं नव्हतं.

गुडघ्यातला कटकट आवाज म्हणजे झीज, हाही व्हिडिओतला एक मुद्दा होता. दुखत नसेल, सूज नसेल, तर त्या आवाजाकडे सरळ दुर्लक्ष करा. गुडघा सुजला, अडकू लागला किंवा पडल्यानंतर दुखायला लागला, तर मात्र डॉक्टर गाठा, व्हिडिओ नको.

फोड वाळेपर्यंत मावशीला पट्टी नाही. उठबस आजपासून, दहा-दहाच्या दोन खेपा, खुर्चीवर उशी ठेवून.