जप्तीची यादी मागून घ्या

पथारीवाल्यांवरच्या कारवाईबद्दल जो लेख आलाय, त्यात मालाच्या जप्तीचा मुद्दा एका ओळीत उरकलाय, खरी मेख तिथेच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं कलम १९ बघा: माल उचलला की त्याची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यायचीच. मागणी केल्यावर शुल्क भरून भाजी-फळं त्याच दिवशी, टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत. यादीच नसेल तर किती नग गेले यावरच हुज्जत. (सकाळची कोथिंबीर संध्याकाळी मिळून उपयोग काय, ते सोडा.) विक्रेत्याला त्याच्या जागेवरून हलवायला मात्र आधी ३० दिवसांची नोटीस लागते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर असो की तुळशीबागेत, पथारी लावायचं प्रमाणपत्र भाड्याने दिलं तर ते रद्द होऊ शकतं, पण सुनावणीनंतरच.