घरातच तर असते ती, तिला कशाला इंजेक्शन?

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकते. मांजर बाहेर जात नाही, कुत्रा फक्त गल्लीत एक चक्कर मारून येतो, मग लस कशाला, आजारी पडलं की नेऊ डॉक्टरकडे. अहो, पण पार्वो, म्हणजे पिल्लांच्या पोटाचा जीवघेणा आजार देणारा व्हायरस, तुमच्या चपलेला लागून घरात येतो! तो व्हायरस जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही, ब्लीच लागतं. आणि पिल्लाला झाला की उलट्या, रक्ताचे जुलाब, दोन दिवसांत अंगातलं पाणी इतकं जातं की सलाइन लावायला शीर सापडत नाही. मांजरांनाही त्याच जातीच्या व्हायरसचा पॅनल्यूकोपेनिया नावाचा तसाच आजार होतो, घरात बसलेल्या मांजरालासुद्धा.

दुसरं म्हणजे "एक इंजेक्शन दिलंय की". एकाने भागत नाही. पिल्लाला आईच्या चिकातून जी ताकद मिळते ती असेपर्यंत ती लसीलाही नीट काम करू देत नाही, आणि ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस, सोळा आठवडे होईपर्यंत, आणि वर्षाने बूस्टर. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. मधला डोस लग्नघरात राहून गेला असं सांगणारे खूप भेटतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवावं, गप्प बसू नये.

आता माझा खरा राग. मेडिकलमधून लस आणायची आणि कंपाउंडरला घरी बोलावून टोचून घ्यायची, झालं वर्षाचं काम! लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची असते, मे महिन्यात इंदूरच्या उन्हात ॲक्टिव्हाच्या डिक्कीतून आली तर तिच्यात काय उरलं देव जाणे. आणि समजा लस चांगली असली तरी जनावराला तपासलं कोणी?

शेजारच्या काकूंची मनी, अकरा वर्षांची, खातेपिते, कपाटावर उडी मारते. त्यांच्याबरोबर मी गेले होते. डॉक्टरांनी आधी काट्यावर ठेवली, मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोट दोन्ही हातांनी हळूहळू चाचपलं, जुन्या कार्डावरचं वजन काढलं, वर्षात अर्धा किलोच्या वर कमी. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो म्हणजे किती हो! रक्त तपासलं, किडनीचा त्रास निघाला. तिचं पथ्याचं खाणंपिणं, औषधं लगेच सुरू झाली. मांजरं दुखणं लपवतात, आणि रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत साधारण तीन चतुर्थांश किडनी गेलेली असते, त्यामुळे वजन दरवर्षी लिहिलेलं असणं किती मोलाचं आहे बघा. कुत्र्यांचंही तेच, गोचिडाचा ताप, दातांवरचा थर, कानातली घाण, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

रेबीजबद्दल तर काय बोलायचं, लक्षणं दिसली की माणूस काय नि जनावर काय, वाचणं जवळजवळ नाहीच. तरी अजूनही चावल्यावर जखमेवर हळद नाहीतर तिखट लावणारे आहेत. कृपा करून नका लावू, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्रा ओळखीचा असला तरी.

पैशांचं म्हणाल तर सरकारी पशु चिकित्सालय आहे, महूचं व्हेटर्नरी कॉलेज जवळच आहे, तिथे विचारा. सगळ्यांना प्रायव्हेट झेपेल असं नाही, मला माहीत आहे.

नेताना मांजराला पिशवीत कोंबू नका, बास्केट दोन-तीन दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा, आत तिचंच फडकं टाका. कार्ड बरोबर घ्या, जंताचं औषध कधी दिलं तेही त्यावर लिहून ठेवा. आणि लस झाली की लगेच गाडी काढू नका, अर्धा तास तिथेच बसा, क्वचित एखाद्याला तोंडावर सूज येते, डॉक्टर समोर असले की तिथल्या तिथे औषध देता येतं.