मामा, टायर मिळणार नाहीत

सांगोल्याहून मामाचा फोन. "पुण्यात जुने टायर मिळतील का रे, पाच-सहा?" मला वाटलं ट्रॉलीला हवेत. तर हे पाऊस पाडायला! पेरणी होऊन वीस दिवस उघडीप, आणि मोबाईलवर मेसेज आलेला: माळावर टायर-लाकडं पेटवा, त्यात दहा किलो खडेमीठ टाका, धूर वर गेला की ढग तयार होतात, काही तासांत पाऊस. शास्त्रज्ञही मीठच वापरतात. पूर्वीचे यज्ञ म्हणजे हेच.

आधी टायर, कारण डोकं तिथेच फिरलं. जळत्या रबराच्या धुरात बेंझीन आणि सल्फर डायऑक्साइड असतात. मामाच्या घरी आजीला दमा आहे, आणि जाळ दिसला की गावची पोरं तिथेच गोळा होणार. बरं, त्या धुराने पाऊस तरी वाढतो का? उलट. पावसाच्या एका थेंबात ढगातले साधारण दहा लाख थेंबुटे एकत्र आलेले असतात. धुरात अतिबारीक कण बेसुमार, म्हणजे तेवढीच वाफ जास्त जणांत वाटली जाते. सगळे थेंबुटे चिल्लर राहतात, खाली पडत नाहीत. 1998 मध्ये बोर्निओतल्या वणव्यांच्या धुरात सापडलेल्या ढगांतून पाऊस थांबल्याचं उपग्रहाने टिपलं होतं.

मिठाचं मात्र अर्धं खरं, मान्य करतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढतं. पावसाळ्यात मामीच्या बरणीतलं मीठ पाझरतं ते त्यामुळेच. पण म्हणून बरणी पाण्याने भरते का? आधी हवेत तेवढी वाफ हवी. आणि खडेमीठ वितळायला 801 अंश लागतात; जाळात ते तडतडतं आणि बरंचसं राखेत राहतं. ती राख पहिल्या पावसात वाहून कुणाच्या रानात जाणार?

'शास्त्रज्ञही' म्हणाल, तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने आपल्याच सोलापुरात 2018-19 ला प्रयोग केला. विमानातून, ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईड या पाणी ओढणाऱ्या क्षाराच्या नळकांड्या पेटवून. तेही किलोमीटरभर जाडीचे, वाढते ढग निवडून. एवढा खटाटोप करून पाऊस वाढला सुमारे 18 टक्के. ढग आधीच होते, मामा! त्यांनी तयार नाही केले.

यज्ञाचं राहू द्या. 'अमक्या गावात पडला' म्हणतात, पण जाळ करूनही कोरडी राहिलेली गावं मेसेज पाठवत नाहीत.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मीठ आणून ठेवलंय की रं. बघतो, दुकानदार परत घेतो का."