शनिवार कुणाच्या मालकीचा?

ठाण्यात आमच्या चुलतभावाच्या सोसायटीत वाद पेटलाय: धुण्याभांड्याच्या बाईंना आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही? ‘आम्ही कामाचे पैसे देतो, दिवसाचे नाही. मग सुट्टी कसली?’ हा तिथला बिनतोड मुद्दा. इस्रायलमधल्या अश्दोदमध्ये बसून ऐकताना मला गंमत वाटली. याच मुद्द्यावर आमच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, शतकानुशतकं काथ्याकूट केलाय.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, ज्यू माणसानं काम करायचं नाही, आणि ते बिगर-ज्यू माणसाला सांगायचंही नाही. (कोकणात आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली.) पण ‘शुलहान आरूख’ या धर्मसंहितेत रोजंदारी आणि ठेका वेगळे मानलेत. रोजावरच्या माणसाकडून शनिवारी काम करून घेता येत नाही. शिंप्याला ठरलेल्या पैशांत कोट शिवायला दिला आणि त्यानं आपल्या घरी, आपल्या सोयीनं शनिवारी शिवला, तर चालतं. मात्र शुक्रवारी संध्याकाळी कापड देऊन ‘रविवारी सकाळी हवाय’ म्हणायचं नाही. तो शनिवारी काम करण्याचा हुकूमच झाला. गावात घर बांधायचं तर ठेक्यावरही शनिवारी बंद, कारण बघणाऱ्याला मजूर रोजावरचेच वाटणार.

वेळ कुणाच्या हातात, ही कसोटी मला पटते. ठाण्यातल्या बाईंना सकाळी ठरल्या वेळी यावंच लागतं, उशीर झाला की फोन जातो. हा कसला ठेका? रोजंदारीच ती.

इथलं सगळं वाखाणण्यासारखं आहे असंही नाही. या नियमांचा जीव मालकाचा शब्बाथ राखण्यात आहे, कामगार दमला का हे तिथं कुणी विचारत नाही. वास्तविक बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात स्पष्ट आहे, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. इस्रायलच्या १९५१च्या कायद्यानं आठवड्याला ३६ तास सुट्टी दिली. बिगर-ज्यूंना शुक्रवार, शनिवार किंवा रविवार, ज्याचा जो असेल तो. तरी घरात राहून म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या परदेशी कामगारांना त्या कायद्याखाली जादा तासांचे पैसे मिळणार नाहीत, असा निकाल २०१३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. आजाऱ्यासाठी या बिगर-ज्यू कामगारांनी शनिवारी दिवा लावलेला मात्र धर्माला चालतो!

मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. खंडोबाचा वार हेही कारण त्यांनी पुढे केलं होतं. सोसायटीनं बाईंना रविवार द्यावा, शनिवार द्यावा, नाहीतर एकादशी. वार बाईंनी ठरवावा आणि पगार कापू नये, एवढंच मी चुलतभावाला कळवलंय.