कापराची पुरचुंडी आणि ताप दबलेलं पोर

पालकांच्या ग्रुपवर या आठवड्यात एकच मेसेज चौथ्यांदा आला: 'पोरं पावसात भिजली की फ्लू होतो. गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधा. ताप उतरला की खुशाल शाळेत पाठवा. लस टाळा, लसीनंच फ्लू होतो.' मी कोल्हापुरात प्राथमिकला शिकवते. माझ्या वर्गात एका बाकावर तिघं बसतात, म्हणून गप्प बसवत नाही.

भिजल्यानं फ्लू होत नाही. त्याचा विषाणू शेजारच्या मुलाच्या खोकल्या-शिंकेतून येतो. आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते हे खरं. पण झड लागली की आपण वर्गाच्या खिडक्या लावून घेतो आणि सगळी पोरं तीच कोंडलेली हवा घेत बसतात. वाऱ्याच्या आडोशाची एक तरी खिडकी उघडी ठेवायला हवी.

कापराच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. विषाणू त्यानं मरत नाही. आणि लहान मुलाच्या गळ्यात कापूर बांधणं धोक्याचं आहे. पहिलीतली पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. त्यापेक्षा डब्याआधी साबणानं हात धुवायला लावा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं.

खरा घात तिसऱ्या वाक्यात आहे. सकाळी सातला पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं की आठला अंग गार लागतं. औषधाचा जोर चार-सहा तास, मधल्या सुट्टीनंतर पोर पुन्हा फणफणतं, आणि तोवर डबा वाटून खाल्लेला असतो. फ्लू झालेलं मूल लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस, कधी त्याहून जास्त, तो पसरवू शकतं. म्हणून औषध न देता सलग २४ तास ताप नसेल, तेव्हाच शाळा. आईबापांची अडचण मला कळते. रोजंदारी बुडवून घरी थांबायचं कुणी? शेजारची आजी, मावशी, कुणाची तरी सोय आधीच बोलून ठेवा. श्वास लागत असेल, मूल पाणीही पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर मात्र घरी न थांबता डॉक्टरांकडे न्या.

टोचून घ्यायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिनं फ्लू होत नाही. एखादा दिवस कणकण येते. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात लागण झाली की लोक लसीला दोष देतात. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती द्यावी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

यात आम्हा शिक्षकांचीही चूक आहे. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आम्हीच देतो, आणि त्यासाठी तापातलं पोर दप्तर उचलतं. येत्या पालकसभेत ते बक्षीस बंद करा, असं मी मांडणार आहे. तुम्ही माझ्या बाजूनं हात वर करा.