शनिवारचे जोडतास घेऊ नका

लेक यंदा सातवीत आहे. वाशीतली शाळा, सेमी इंग्रजी. गेल्या आठवड्यात पालकसभेत सांगितलं की, पुढच्या महिन्यापासून सातवी-आठवीला शाळेतच 'फाउंडेशन', म्हणजे अकरावी-बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांची आतापासून तयारी, सुरू होणार आणि त्यासाठी शनिवारचे कार्यानुभव आणि खेळाचे जोडतास घेतले जाणार. बऱ्याच पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी विरोध केला, पण बोलायला दोन मिनिटं मिळाली. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

या शनिवारच्या तासांत काय होतं ते जुलैमध्ये मी घरात पाहिलं. बाईंनी चार-चार मुलांचे गट करून विषय दिला : आपल्या भागातलं पाणी जातं कुठे? लेकीच्या गटाने मिनी सीशोरजवळचा धारण तलाव घेतला. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतची खाजण जमीन भरून उभा राहिलाय, आणि भरतीच्या वेळी समुद्राची पातळी त्याच्याही वर जाते. म्हणून हे तलाव. भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जातं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यावर पाणी का तुंबतं, हे मला इतकी वर्षं इथे राहून त्या पोरांकडून कळलं.

पण खरी गंमत पुढे झाली. गटातला एक मुलगा वाशीगावातला, कोळ्यांच्या घरातला. त्याचे आजोबा म्हणाले, भरतीची वेळ बघायला मोबाइल कशाला पाहिजे, तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अपूर्णांकांचा गुणाकार लेकीने गेल्या वर्षी तोंड वाकडं करून केला होता. आता हीच मुलगी पंचमी ते अष्टमी रोज शाळा सुटल्यावर सागर विहारला उभी राहून, पाणी भिंतीवर कुठवर आलं ते दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहीत होती. आजोबांचा अंदाज आणि डोळ्यांनी पाहिलेली वेळ जुळेना. एका दिवसात भरती पाऊण तासाने पुढे सरकली, तर शेवटच्या दिवशी तासाच्याही वर. चौघं भांडली. आपलंच मोजमाप चुकलं असं दोघांचं म्हणणं, आजोबा चुकले असं एकाचं. मग बाईंनी चंद्राची जागा, उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) समजावून सांगितलं. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येते, पण ती सरासरी आहे. भांगाच्या दिवसांत हे अंतर वाढतं. सरासरी म्हणजे काय, हे लेकीला कळलं ते त्या दिवशी.

आता सांगा, यातला अभ्यास कुठला आणि व्यक्तिमत्त्व विकास कुठला?

सभेत एक ताई म्हणाल्या, या तासांना मार्क कुठे असतात? असतात. आपल्या राज्याच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सातवी-आठवीला शंभरपैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे आहेत : निरीक्षण, प्रयोग, प्रकल्प, तोंडी काम. पण हे ४० गुण आपणच वाया घालवतो. स्टेशनरीच्या दुकानातून तयार चार्ट आणतो, रात्री अकराला आई चिकटवते, सकाळी मूल जमा करतं. मीही लेकीच्या पाचवीला हेच केलं होतं आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. आपल्याकडे तर दारात कोळीवाडा आहे.

पालकांची भीती मला समजते. आठवीपर्यंत ढकलत नेलेलं मूल नववीत गणितात कोसळतं, हे आमच्या इमारतीतच घडलंय. २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. मग ज्यांचा भागाकार कच्चा आहे त्यांना रोज अर्धा तास वेगळं बसवा, मी स्वतः येऊन शिकवीन. पण बारा वर्षांच्या मुलाला अकरावीचं भौतिकशास्त्र सोपं करून भरवल्याने भागाकार पक्का होत नाही. स्पर्धाच हवी असेल तर सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी मिळतात. सभेत त्याचा कुणी उच्चारही केला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आपल्या वर्गात अशी कितीतरी मुलं आहेत.

आणि खेळ. लेकीच्या वर्गातली एक अबोल मुलगी खो-खोच्या मैदानावर सगळ्यांना हाका मारून उठवते. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. तिचा शनिवार घेतला तर तिच्याकडे काय उरतं?

येत्या शनिवारी साडेदहाला पुन्हा सभा आहे. सहावी ते आठवीच्या पालकांनी कृपया या, माझ्याशी असहमत असाल तरी या. मी ती भरतीची वही घेऊन येते आहे. वाशीगावातल्या आजोबांनाही बोलावलंय. तिथी बघून सांगतो म्हणाले.