लँग्डनचा साचा आणि दहाव्या क्रमांकाचं लेणं

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. डॅन ब्राउनच्या रहस्यकादंबऱ्यांचा नायक, चिन्हांचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन याच्यावर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रहस्यकथा साच्यातच चालते, तिला नावं ठेवणं हा साहित्यिक सोवळेपणा, कादंबरीला इतिहासाची फूटपट्टी लावू नये, आणि या पुस्तकांनी कित्येक तरुणांना वाचनाची गोडी लावली, त्याची कदर मला नाही.

वाचनाच्या गोडीबद्दल आपलं एकमत आहे. माझ्या लेखात त्याविरुद्ध एक ओळही नाही.

साच्याचं म्हणाल, तर बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर पिढ्या वाढलेल्या भाषेत साच्याचा राग कोण धरेल? तोच नायक पुन्हा भेटणार, हा तर अशा वाचनातला अर्धा आनंद. लँग्डनचं मिकी माऊसचं घड्याळ, लहानपणी विहिरीत पडल्यापासून बसलेली बंद जागेची धास्ती, हे मलाही आवडतं. अवेळी आलेलं बोलावणं, प्रेत, प्रेतावरचं चिन्ह, सोबतीला हुशार स्त्री, मागावर मारेकरी, एका दिवसरात्रीत उलगडा आणि ज्याच्यावर भरवसा टाकला तोच सूत्रधार. २००० सालच्या ‘एंजल्स अँड डीमन्स’मध्ये हेच आहे आणि २००३ च्या ‘दा विंची कोड’मध्येही. प्रकरणं आखूड, प्रत्येकाचा शेवट असा की पंचवटीत हातात घेतलेलं पुस्तक नाशिकरोडचा स्टॉप आला तरी मिटवत नाही. हे कसब आहे आणि मी त्याला कसबच म्हणते.

माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. ‘दा विंची कोड’ सुरू होण्याआधी एक पान येतं, मथळा ‘फॅक्ट’. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी संघटना आहे, असं तिथे ठासून सांगितलंय. प्रत्यक्षात या नावाची संघटना पिएर प्लांतार आणि त्याच्या साथीदारांनी १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदवली. तिला मध्ययुगीन वंशावळ मिळावी म्हणून बनावट कागद साठच्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले गेले. लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो हे तिचे प्रमुख होते, हेही त्याच कागदांतलं. झुंजारच्या साहसांना कोणी इतिहास म्हणून पुढे केलं नव्हतं. इथे लेखकानेच फूटपट्टी वाचकाच्या हातात दिली आहे. मग ती लावली तर तक्रार कशाला?

आणि साच्यामागची समजूत मला त्याहून जास्त खटकते. धर्माच्या मुळाशी एकच गुपित असतं, कुठलीतरी संस्था ते दाबून ठेवते आणि एक प्राध्यापक रातोरात ते उघडं पाडतो, ही ती समजूत. तुम्ही शेवटी सुचवलंय, ‘लँग्डनला नाशकात आणा, पांडवलेण्यातून काळारामापर्यंत भुयार शोधू द्या.’ कल्पना झकास आहे, पण त्या डोंगरावर जे सगळ्यांसमोर कोरून ठेवलंय ते भुयारापेक्षा कितीतरी मोठं आहे.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख तिथे भिंतीवर आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. एकात तो सांगतो की त्याने तीन लाख गायी दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली. आणि त्याच लेखात, त्रिरश्मी डोंगरात (म्हणजे याच डोंगरात) बौद्ध भिक्षूंसाठी हे लेणं खोदवलं. दुसऱ्या लेखात चक्क मुदत ठेव आहे. ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातले २००० दरमहा शेकडा एक दराने, ते भिक्षूंच्या वस्त्रांसाठी. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२. आता हिशेब करा: महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. पै न् पै जुळते!

हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला जो थरार वाटला, तो ‘दा विंची कोड’मधल्या लूव्र संग्रहालयातल्या पाठलागात कधी वाटला नाही. परक्या वंशाचा सरदार, ब्राह्मणांना गावं, भिक्षूंना लेणं, आणि सगळ्याचा भार आपल्या गोवर्धनच्या विणकरांच्या विश्वासार्हतेवर. यात दडवलेलं काही नाही, कोणी खलनायक नाही. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून हे आपल्याला वाचून दिलं. लँग्डनच्या साच्यात या माणसांना जागाच नाही, कारण तिथे ज्ञान फक्त किल्लीसारखं कुलपात फिरतं. नाशिकवर कोणी असा थ्रिलर लिहिलाच, तर त्यातला उषवदात कुठल्या पंथाचा हस्तक नसावा आणि पहिल्या पानावर खोटी ग्वाही नसावी, एवढंच माझं मागणं आहे. प्रेत पडू दे, पाठलागही होऊ दे.

राहता राहिला तुमचा प्रश्न, पुढचं पुस्तक वाचणार का? हो. २०२५ च्या ‘द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स’मध्ये लँग्डन प्रागला आहे आणि ‘द लॉस्ट सिम्बॉल’मधली कॅथरीन सॉलोमन परत आली आहे. दर पुस्तकागणिक नवी सोबतीण ही रीत इथे मोडली आहे. त्याने साच्यात खरोखर काय बदललं, यावर स्वतंत्र लेख लिहीन. तोवर तुम्हीही ते वाचून काढा, म्हणजे पुढचा वाद दोन्हीकडून नीट होईल.